काचमामांनी पुसलेले ठिपके

...तर काचमामांनी प्राध्यापकांचा तो तडकलेला फ्लास्क खिडकीपाशी नेला, उजेडात गोल फिरवला आणि म्हणाले, "साहेब, हा फुटलेला नाही, तुमच्यावर रुसलाय. परवा या." ठरल्या दिवशी प्राध्यापक आले, तर टेबलावरच्या चार फ्लास्कांमधला आपला कुठला हेच त्यांना ओळखू येईना. हे काल सांगायचं राहून गेलं, आणि मामांची खरी ओळख तर त्यातच आहे. जोड दिसला तर तो कारागीर कसला, असं ते म्हणत, आणि म्हणताना हात आपोआप मिशीकडे जाई.

विद्यापीठाच्या रसायन विभागात, तळमजल्याच्या अगदी टोकाच्या खोलीत, मामांनी एकतीस वर्षं काच फुंकली. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. खोलीत गॅसची निळी ज्योत, भिंतीला टेकलेल्या नळ्या आणि कोपऱ्यात एक भट्टी. जोडलेली काच एकदम गार होऊ द्यायची नसते. भट्टीत ठेवून हळूहळू निववावी लागते, नाहीतर ती आतल्या आत कुढत राहते आणि महिन्याभरानं, कुणी हातही लावलेला नसताना, तडकते. मामींचं यावर म्हणणं असे, की एवढी निववायची अक्कल आहे तर जरा स्वतःच्या डोक्यालाही त्या भट्टीत ठेवून या.

मामांची एक शिस्त होती. जोडलेल्या प्रत्येक भांड्याच्या मानेवर ते लाल रंगाचा बारीक ठिपका देत. ठिपका असला की त्यात उकळा, ढवळा, काय हवं ते करा, पण पंप लावून आतली हवा काढू नका. हवा काढली की बाहेरची हवा भांडं चेपायला बघते, आणि जोडलेली काच ते सोसेल याचा भरवसा नसतो. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नव्हतं. जुना विद्यार्थी नव्याला सांगे, नवा त्याच्यानंतरच्याला, आणि तेवढ्यावर विभाग इतकी वर्षं सुखरूप चालला.

ठिपके वाढत गेले ते नवी भांडी यायची बंद झाली म्हणून. मागणीपत्रं वर जात आणि वरच राहत. त्याच काळात कुलसचिवांच्या कक्षाला, म्हणजे साऱ्या विद्यापीठाचा कारभार जिथून हाले त्या खोलीला, भलं मोठं काचेचं दार आलं. मामा म्हणाले, विद्यापीठात काच येते हो, फक्त वाट चुकते.

मग मानांकनाची समिती यायची ठरली. ती येऊन सगळं बघणार आणि विद्यापीठाला श्रेणी देणार. आदल्या आठवड्यात कुलसचिव विभागप्रमुखांना घेऊन प्रयोगशाळेत आले. कपाटं उघडली, तर जिकडे तिकडे लाल ठिपके. हे काय, म्हणून विचारलं. मामांनी समजावून सांगितलं. कुलसचिव म्हणाले, ठिपके पुसा, पाहुण्यांना दुरुस्तीची भांडी दिसता कामा नयेत. ठिपका गेला तर कळायचं कसं, असं मामांनी विचारून पाहिलं. त्यावर ते हसून म्हणाले, "तुम्हाला कळतं ना? मग झालं."

मामांना तो आपला गौरव वाटला, इथंच घात झाला. दोन दिवस बसून त्यांनी थिनरच्या चिंधीनं शहाऐंशी भांडी स्वच्छ पुसली. यादी केली नाही. आपल्या हातचा जोड आपल्याला अंधारातही ओळखू येतो, ही घमेंड. समिती आली, गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून मामा पुन्हा ठिपके द्यायला बसले. चौऱ्याऐंशी झाले. दोन भांडी कपाटात नव्हती, आणि कुठली दोन, हे यादीवाचून सांगता येईना.

त्यातलं एक विभागातल्या एका मुलीकडे होतं. संशोधनाचं तिचं चौथं वर्ष. काच फुंकायला शिकवा म्हणून ती मामांच्या मागे लागलेली असे, आणि तिनं फुंकलेला पहिला फुगा भोपळ्यासारखा निघाला तेव्हा मामांनी तो विभागप्रमुखांचा पुतळा म्हणून फळीवर मांडला होता. तिनं फ्लास्क घेतला, मान फिरवून पाहिली, ठिपका नव्हता. पंप लावला. डोळ्यांवर चष्मा होता, अंगावर कोट होता, सगळं रीतसर होतं. आवाज तळमजल्यापर्यंत आला. एक तुकडा चष्म्याच्या बाजूच्या फटीतून गेला आणि उजवा डोळा घेऊन गेला.

चौकशी समिती नेमली ती कुलसचिवांनीच. पोलीस ठाण्यात नोकरीला असलेल्या पुतण्यानं मामांना सांगून पाहिलं, की ठिपका होता आणि कुणीतरी खरवडला असं म्हण, अंगाला काही लागणार नाही. मामांनी ऐकलं नाही. तसं म्हटलं असतं तर दोष पोरीवर गेला असता. त्यांनी चार पानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. भांडं मी जोडलं, ठिपका मी पुसला, आणि पुसायला कुणी सांगितलं तेही. विभागप्रमुख समोरच उभे होते, असंही लिहिलं. विभागप्रमुखांना मात्र काही आठवेना. हुकूम तोंडी होता, कागद कुठून येणार?

अहवालात त्या चार पानांची दोनच वाक्यं झाली. कर्मचाऱ्यानं खूण पुसल्याचं कबूल केलं आहे. विद्यार्थिनीनं साधन न तपासता वापरलं आहे. हलगर्जीपणा दोघांचा. तिची संशोधनाची नोंदणी रद्द झाली आणि मामांच्या खोलीला कुलूप लागलं. त्यांना फर्निचरच्या गोदामात बसवलं.

आपलं काय व्हायचं ते होवो, त्या अहवालातून पोरीवरचा ठपका पुसला जावा, एवढाच ध्यास मामांनी घेतला. सरकारच्या शिक्षण खात्यात गेले. तिथला अधिकारी भला माणूस, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, विद्यापीठ स्वायत्त आहे, आम्हाला हात घालता येत नाही. मामा म्हणाले, हात घालू नका साहेब, नुसतं डोकावून बघा. तो ओशाळून हसला आणि अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवतो म्हणाला. पुढे म्हणजे कुठे, ते महिन्यानं कळलं. अर्ज फिरून कुलसचिवांच्याच टेबलावर आला होता आणि तक्रारीत तथ्य नाही असं उत्तर त्यांच्याच सहीनं घरी आलं. मामांनी कुलपतींना लिहिलं. तेही उत्तर त्याच सहीचं. चोरीची फिर्याद चोरानंच नोंदवून घ्यायची, त्यातला प्रकार.

मामांना जास्त लागलं ते वेगळंच. तरुणपणी सरकारनं एका प्राध्यापकांचं व्याख्यान बंद पाडायचं ठरवलं होतं, तेव्हा फाटकावर साखळी करून उभ्या राहिलेल्यांत मामा होते. विद्येच्या घरात सरकारचा पाय नको म्हणून दिवसभर उन्हात उभे राहिले, रेटारेटीत खांदा सोलून निघाला. ते गोदामातल्या मोडक्या खुर्च्यांमध्ये बसून, डबा घेऊन आलेल्या मामींना म्हणाले, की आपण कुंपण घातलं ते विद्येसाठी, आणि आत शेत खाणाऱ्याला त्याचाच आडोसा झाला. मामींनी डबा उघडून पुढे सरकवला.

मानांकनात विद्यापीठाला वरची श्रेणी मिळाली. कुलसचिव कुलगुरू झाले. सत्काराच्या खुर्च्या गोदामातून गेल्या, त्या मामांनीच पुसून दिल्या.

त्याच संध्याकाळी ती मुलगी मामांच्या घरी आली. अपघातानंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या गावी शिकवायची नोकरी धरली होती, उद्या निघणार होती. मामींनी पाणी दिलं, ते तिनं हात जरा चाचपडत घेतलं, कारण त्या बाजूचं अंतर तिला अजून नीट कळत नव्हतं. मामांनी मान खाली घातली. अहवालाबद्दल, अर्जांबद्दल त्यांनी सांगायला सुरुवात केली, तर तिनं थांबवलं. म्हणाली, मीही सगळीकडे लिहिलं मामा, कुणी मला उत्तर देत नाही. मला एवढंच सांगा, तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही ठिपके का पुसलेत?

मामांनी मान वर केली. मग म्हणाले, "पोरी, साहेबांनी पूस म्हटलं आणि मी पुसलं. मला सगळं कळतं असं त्यांनी म्हटल्यावर मी फुगलो, नाही म्हणायचं राहून गेलं. त्यांना विचारणारं कुणी नाही, हे आता कळलंय मला. तू मला विचार. गावाहून पत्र टाकून विचार, पुन्हा पुन्हा विचार. मी दर वेळी हेच सांगीन."