लाभ, दोन, तीन

आमच्या घरात शिक्षण आलं ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून. माझा मुलगा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत नोकरीला आहे. होळीला तो घरी आला तो चार वर्षांच्या लेकीसाठी टॅब घेऊनच. त्यात म्हणे खेळता खेळता शिकवणारे खेळ होते. जूनमध्ये तो बायकोला आणि लेकीला तिकडे नेणार होता. तिथल्या इंग्रजी शाळेत घालायच्या आधी पोरगी तयार करायची होती. तयार करायची, जशी काही पोळ्यांची कणीकच!

मी इचोड्याला, तेलुगू मुलखात, हमरस्त्यावर धान्याचं दुकान चालवतो. तेलुगूत भाव सांगतो, हिंदीत भांडतो आणि मराठीत मोजतो. मला कुठल्या अस्वलानं शिकवलं नव्हतं. टॅबमध्ये मास्तर म्हणून होतं एक अस्वल, आणि त्याला चष्मा. ते मधाळ आवाजात म्हणायचं, "चला छोट्या दोस्तांनो, मोजूया का?" इतक्या लाडीगोडीनं मी गिऱ्हाइकाशी बोललो असतो, तर त्यानं आधी माझं माप तपासलं असतं.

खेळ असा. काचेवर आंबे यायचे, ते किती हे पोरीनं मोठ्यानं सांगायचं. बरोबर आलं की चांदण्यांचा पाऊस. चुकलं की अस्वल मान हलवायचं, "अरेरे! पुन्हा प्रयत्न कर हं!" आधी मराठी अंक, ते जमले की मग इंग्रजीचं कुलूप उघडणार. आणि रोज संध्याकाळी पोरीची प्रगती मुलाच्या फोनवर. चार वर्षांच्या लेकराच्या मागे मुकादम बसवला होता आणि त्याचं सगळ्यांना कोण कौतुक!

सूनबाई सकाळी टॅब सुरू करून द्यायची, नातीला दुकानात माझ्याजवळ पोत्यावर बसवायची आणि आत शिलाई मशीनवर जाऊन बसायची. मशीनच्या खडखडाटात तिला बाहेरचं काही ऐकू येत नसे. त्यामुळे पोरगी काय उत्तर देते, ते ऐकायला मी एकटाच.

पहिल्या दिवशी काचेवर एकच आंबा आला. अस्वलानं विचारलं, "किती आंबे?" नात ठणकावून म्हणाली, "लाभ!"

अस्वलानं मान हलवली.

धान्य मापताना पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. माझ्या वडिलांनी मला तसंच शिकवलं. दुकानात आता विजेचा काटा आलाय, पण घरची ज्वारी मी अजून पायलीनं मापूनच कोठीत ओततो, आणि नात शेजारी उभी राहून मोजते : लाभ, दोन, तीन. कोठीत सोळा पायल्या मावतात, म्हणून तिला सोळापर्यंत येतं. सतरा हा आकडा अजून तिच्या जगात आलेला नव्हता.

मला इतकं हसू आलं की समोरचं गिऱ्हाईक दचकलं. एवढं हजारो रुपयांचं यंत्र, आणि त्याला लाभ माहीत नाही! मी त्या दिवशी भेटेल त्याला ही गंमत सांगितली. धाब्यावरच्या ट्रकवाल्यांना हिंदीत सांगितली, भाजीवालीला तेलुगूत सांगितली. फक्त नातीला सांगितलं नाही. "बाई, इथं एक म्हन," एवढंच सांगायचं होतं. पण मग अस्वल जिंकलं असतं. म्हटलं, होऊ दे त्याची फजिती.

असे आठ दिवस गेले. रोज एक आंबा, रोज लाभ, रोज अरेरे. खेळ पुढे सरकेचना. त्यातल्या चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला. सूनबाईनं स्पीकर लावला होता आणि नात तिथंच तिच्या पदराशी उभी होती.

"बाबा, हे काय? तिले एकसुद्धा येत नाही? दिवसभर करून काय राह्यली ती? ढ निघाली का पोरगी?"

"रविवारी ये, मंग दाखवतो तुले कोन ढ आहे ते," मी म्हणालो आणि मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

त्या फोननंतर नातीचा आवाज बारीक झाला. ती काचेला नाक लावून हळूच "लाभ?" असं विचारायची आणि अस्वलाच्या मानेकडे बघत राहायची. मला ते दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं. पण मी रविवारची वाट बघत होतो.

रविवारी मुलगा आला. मी त्याला आणि सूनबाईला कोठीजवळ बोलावलं, आणि अस्वल कुठं चुकत होतं ते तिखटमीठ लावून सांगितलं. मुलगा ओशाळला. सूनबाई म्हणाली, "मामाजी, आमच्या माहेरी तर तांदूळ थैलीतच येते, मले काय ठाऊक!" मला आभाळ ठेंगणं झालं. ज्वारीचं पोतं सोडलं, पायली हातात घेतली आणि नातीला हाक मारली, "ये वं बाई, दाखव तुह्या बापाले!"

पहिली पायली भरून ओतली. ती गप्प. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग बापाच्या हातातल्या टॅबकडं पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, बापापुढं लाजत असेल. दुसरी ओतली.

"दोन," ती हळूच म्हणाली.

मग तीन, चार, पाच, नीट सोळापर्यंत. एकही आकडा चुकला नाही. मुलानं तिला उचलून घेतलं. "वा! पन पहिलं काऊन नाही म्हनलं वं?"

"पहिलं म्हनलं का चुकते," ती म्हणाली. "मले नाही येत पहिलं."

मी तिला समजावलं, अगदी हात जोडून समजावलं, की तुझं बरोबर होतं. तिनं ऐकून घेतलं. पुढच्या वेळी कोठी भरताना पुन्हा पहिल्या पायलीला गप्प उभी राहिली.

त्या चष्मेवाल्या अस्वलाला मी अजून नावं ठेवतो. पण पोरगी चुकली की ते निदान "अरेरे" तरी म्हणत होतं. मी शेजारी बसून हसत होतो.