दाजींचा उजवा पाय

आमच्या दाजींइतकं वेगात आयुष्य काढलेला आणि त्यांच्याइतका सावकाश वागणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि ते शर्यतीच्या मोटारी चालवायचे. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. शिरोली एमआयडीसीतला वडिलांचा ओतकामाचा कारखाना थोरल्या भावानं सांभाळला आणि दाजींना कोइमतूरच्या एका संघानं चालक म्हणून ठेवून घेतलं. नव्वदच्या दशकात मद्रासकडच्या ट्रॅकवर त्यांचं चांगलं नाव झालं. मद्रासचं पुढं चेन्नई झालं, दाजींच्या तोंडात मात्र अजून मद्रासच आहे.

त्यांच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा मी या घरात आलो नव्हतो, पण तो प्रसंग मी इतक्या जणांकडून ऐकलाय की मीच तिथं पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो असं वाटतं. मुलगा गाडी चालवतो एवढंच सासुरवाडीला कळलं होतं. सासूबाईंची कोडोलीची थोरली बहीण, आक्का, चौकशीला पुढं सरसावली. कुठनं कुठं गाडी चालवता, असं तिनं विचारलं. दाजींनी खरं तेच सांगितलं, “जितनं निघतो, तितंच परत येतो.”

आक्कानं जरा विचार केला. “मग जाताय कशाला?”

या प्रश्नावर दाजी इतके मनापासून विचारात पडले की पोरगा गरीब स्वभावाचा आहे असं सगळ्यांचं मत झालं आणि लग्न ठरलं.

घरच्या मारुतीत दाजी चाळीसच्या वर कधी गेले नाहीत. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं त्यांच्या गाडीतून पन्हाळ्याला निघालो, तर उसानं भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आमच्या पुढं निघून गेला आणि ट्रॉलीवरच्या माणसानं आम्हाला हात केला. दाजींनीही परत हात केला. मी जरा चुळबुळ केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले की ट्रॅकवर सगळ्यांना गाडी येते हे ठाऊक असतं, इथं समोरनं येणाऱ्याला येते का नाही हे कुणाला विचारायचं?

शर्यतीच्या गाडीत भट्टीसारखं तापतं. त्याची सवय राहावी म्हणून ते मे महिन्यात भर दुपारी, स्वेटर घालून, काचा बंद करून दारातल्या मारुतीत तासभर बसत. चालवायचं काही नाही, नुसतं बसायचं. नवीन राहायला आलेल्या शेजारच्या काकूंनी हे तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी त्या ताकाचा तांब्या घेऊन आल्या आणि काचेवर टकटक करून म्हणाल्या की घरोघरी भांडणं होतातच, असं राग धरून गाडीत बसू नये. दाजींनी ताक घेतलं, त्यांचे आभार मानले आणि उरलेला वेळ भरून काढायला परत काच लावली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ते सगळा ट्रॅक अनवाणी चालून बघत. रस्ता डोळ्याला कळत नाही, तळव्याला कळतो, असं त्यांचं म्हणणं. लेकीच्या शाळेत खेळाचा दिवस होता, तेव्हाही हे आदल्या संध्याकाळी चपला हातात घेऊन मैदानाला फेऱ्या मारून आले आणि तिला वळण कुठून घ्यायचं ते पाटीवर काढून दाखवलं. पोरगी शेवटून पहिली आली. रडत आली, तर हे म्हणाले, “वळण कुणी घेतलं न्हाय तुझ्यागत.” आणि ते त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

या सगळ्यात त्यांच्या सोबत असायचे दस्तगीर मेस्त्री. वडिलांच्या कारखान्यातले जुने कारागीर, दाजींबरोबर गाडी बघायला मद्रासपर्यंत जाणारे. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून गाडीला काय झालंय ते सांगत.

मग एका हंगामाच्या शेवटी दाजी तिसरे आले, घरी आले आणि आता बास म्हणाले. कंबर गेली, असं मेस्त्रींनी आम्हाला सांगितलं. त्यानंतर पाच-सहा वर्षं आम्ही सगळे त्या कंबरेच्या मागं लागलो. माझ्या बायकोनं तेलं पाठवली, मी पट्टा आणून दिला, आक्कानं कोडोलीहून एक माणूस आणला, तो गुडघ्यानं पाठ दाबायचा. दाजी निमूट पालथे पडत. ते भावाच्या कारखान्यात जायला लागले. संघ मोडला तेव्हा संघाच्या मालकांनी दाजींची जुनी शर्यतीची गाडी त्यांनाच देऊन टाकली होती, ती कारखान्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती.

शेवटी बेंगळूरच्या एका तरुण चालकानं ती मागितली आणि दाजी हो म्हणाले. मेस्त्रींनी गाडी धुऊन दिली, ती ट्रकवर चढली, ट्रक निघाला. दाजी बघत उभे होते. एकदम मला म्हणाले की मागचा दोर सैल आहे. माझ्या स्कूटरवरून आम्ही ट्रकच्या मागं लागलो आणि कागलच्या अलीकडं त्याला गाठलं. दाजींनी वर चढून स्वतः दोर आवळला. ट्रकवाला म्हणाला, “पावणं, आमचं रोजचंच हाय.” दाजी म्हणाले, “व्हय. तरीबी वळणाला दमानं घ्या.”

ट्रक दिसेनासा झाल्यावर आम्ही जवळच्या गुऱ्हाळावर रस प्यायला बसलो. मी आपलं विचारायचं म्हणून कंबरेचं विचारलं.

“कंबर बरी हाय की, मास्तर,” ते म्हणाले. “कंबरेला कधी काय झालंच न्हाय.”

मग त्यांनी ती शेवटची शर्यत सांगितली. दोन फेऱ्या राहिल्या होत्या, दाजी सगळ्यांच्या पुढं होते. तिथलं एक लांब उजवं वळण ॲक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबून घ्यायचं असतं. दहा वर्षं त्यांनी ते तसंच घेतलं होतं. त्या दिवशी पाय उचलला गेला. किंचित, पापणी लवावी इतकाच. दोन गाड्या पुढं गेल्या. बाकी कुणालाच काही कळलं नाही, पण मेस्त्रींनी ट्रॅकच्या कडेच्या भिंतीपाशी उभं राहून इंजिनाचा आवाज ऐकला होता. हेल्मेट हातात घेताना ते हळूच म्हणाले, “मालक, पाय उचललासा.” दाजी हो म्हणाले. एकदा उचललेला पाय परत उचलतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. कंबरेचं सांगू, असं मेस्त्रींनीच सुचवलं.

पोरगी आठवली का, मी विचारलं. ते म्हणाले की तसं सांगायला बरं दिसलं असतं, पण कुणीच आठवलं नाही.

“मग भीती वाटली?”

“भ्या तर पहिल्यापास्नं वाटायचं,” दाजी म्हणाले. “पायाला म्हाईत नव्हतं.”

रस संपवून आम्ही परत निघालो. ते मागं बसले होते. प्रत्येक वळणाच्या थोडं आधी, अगदी नेमक्या जागी, त्यांचा हात माझ्या खांद्यावर हलकेच दाबला जायचा आणि मी वेग कमी करायचो.