चालताना गाणं म्हणता येतं का?

मैत्रिणींनो, आज सकाळी नेवाशात डॉक्टरीणबाईंकडे भांडायच्या तयारीनंच गेले होते. सहा महिने रोज चालतेय, तरी शुगर जागची हलत नाही!

त्यांनी शांतपणे विचारलं, "चालताना बोलता येतं?"

"येतं की. श्रीरामपूरच्या बहिणीला तेव्हाच तर फोन करते."

"आणि गाणं?"

"अख्खी आरती म्हणते!"

"मग हळूहळू वेग वाढवा. बोलता यावं, पण गाणं जमू नये, इतका दम लागला पाहिजे."

आमच्या आईचा पाय शुगरमुळे कापावा लागला होता. आम्हा बहिणींचा जाऊ द्यायचा नाही, हे मी दवाखान्याच्या पायरीवरच ठरवलं.

संध्याकाळी प्रवरेच्या पुलाकडे झपाझप निघाले आणि फोन लावला. बहीण घाबरलीच. "अगं, रडतीस का काय?"

"रडत न्हाई, चालतीय. तुलाबी शुगर हाय ना? ऊठ, चप्पल घाल!"

पाच मिनिटांनी तिचाही श्वास ऐकू यायला लागला. एरवी तासभर उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या आम्ही दोघी आज चार शब्दांवर थांबत होतो. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

तुम्ही चालता तेव्हा फोनच्या पलीकडे कोण बसलेलं असतं? त्यांनाही उठवा.