धोतरातून गाळलेला उजेड

जानराव तायडे गेले त्याच्या बाराव्या दिवशी त्यांचा फोटो फ्रेम होऊन नांदुऱ्याहून आला. दुपारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वरचा कागद फाडताच जनकाबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"हा कोन आनला माह्या घरात?"

चेहरा जानरावांचाच होता. पण खाली काळा कोट होता आणि लालभडक टाय. जन्मभर धोतराशिवाय दुसरं काही कमरेला न लावलेला माणूस! घरात त्यांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. होता तो पुतणीच्या लग्नातल्या पंगतीतला, तोंडात घास असलेला. स्टुडिओवाल्यानं शेजारच्याचा खांदा कापला, ओठावरची शितं पुसली आणि दुसऱ्याच कुणाच्या धडावर जानरावांचं डोकं बसवलं. घासानं फुगलेला गाल मात्र तसाच राहिला.

"तहसीलदार दिसून राह्यला," जनकाबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून आत गेल्या. त्यानंतर दोन वर्षं झाली. सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं फूल ठेवायचं, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवायचं, पण त्या फ्रेमपुढं त्या एकदाही उभ्या राहिल्या नाहीत.

त्यांची सून सुवर्णा मोताळ्यात आशा सेविका. चोवीस वर्षं याच घरात. त्या फुगलेल्या गालाकडं येता-जाता पाहून तिनं मनाशी एक ठरवून टाकलं होतं. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. त्या तरी दुसऱ्याच्या धडावर भिंतीला लागायच्या नाहीत. जिवंतपणी, स्वतःच्या अंगावर, स्वतःच्या लुगड्यात, जशा आहेत तसा त्यांचा एक फोटो काढायचा.

मुलगी समता अमरावतीला फार्मसी शिकत होती. तिनं मैत्रिणीचा जुना कॅमेरा आणि फ्लॅश दिवाळीत आणून दिला. सुवर्णानं हौसेनं पहिला फोटो काढला. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर, सासूबाई समोर. जनकाबाईंचा चेहरा चुन्यानं पोतलेल्या भिंतीसारखा आला. ना सुरकुती, ना नाक.

समतानं फोनवर सांगितलं, "आई, उजेड समोरून फेकला की माणूस चपटाच येते. फ्लॅश खाली उतरव. बाजूले ठेव, डोक्याच्या थोडा वर. कॅमेऱ्यावर फ्लॅशसंगं देल्ला थो लहान डब्बा लाव, त्याच्यानं फ्लॅश दुरूनच पेटते."

बंद पडलेल्या उभ्या पंख्याची पाती काढून सुवर्णानं त्याच्या दांड्यावर फ्लॅश सुतळीनं बांधला. बटण दाबलं आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं. "माय वं!" ती स्वतःच ओरडली. मग आठ दिवस तिनं पाण्याच्या माठावर हात बसवला. फ्लॅश डावीकडं, उजवीकडं, वर, खाली. उजेडाची बाजू, सावलीची बाजू आणि मधे तो गोलवा. माठाचे सत्तर फोटो झाले. तिचा नवरा धम्मरत्न एसटीत कंडक्टर. ड्यूटीवरून आल्यावर त्यानं ते एकेक करून पाहिले आणि म्हणाला, "माठाची मयत कधी हाये?"

उजेड अजून टोचरा पडत होता. मधे पांढरं कापड धर, समता म्हणाली. जनकाबाई खाटेवर बसून सगळं ऐकत होत्या. उठल्या, पेटी उघडली आणि जानरावांचं धोतर सुवर्णाच्या हातावर ठेवलं.

"हे लाव."

वाळवणाच्या दोरीवर धोतर टांगलं, फ्लॅश त्याच्या मागं गेला. उजेड गाळून आल्यासारखा मऊ झाला. भरदुपारी खिडकीवर चादर टाकून, दार लोटून सासू-सुना बसू लागल्या. शेजारच्या बनाबाईला राहवेना. ती दाराच्या फटीतून म्हणाली, "काय व सुवर्णा, सासूले कोंडून काय इजा चमकवून राह्यली?"

"सिनेमा काढून राह्यलो," जनकाबाई आतून म्हणाल्या. "तुह्यासाठी खाष्ट सासूची जागा हाये. येतं का?"

एका बाबतीत मात्र त्या अडून बसत. पदर. गळ्याभोवती त्यांनी तो असा घट्ट गुंडाळलेला असे, जणू बाहेर पौषातलं वारं सुटलंय.

"आत्याबाई, पदर सैल करा ना. गळ्यावर उजेड पडत नाही."

"गळा काय पाह्याचा हाये? तोंडाचा काढ."

शेवटी एक दिवस चार बोटं खाली सरकवला. तो फोटो चांगला आला. डोळ्यांत चमक, गालावर नाकाची हलकी सावली. फक्त गळ्यावर मध्यापासून थोडं डावीकडं एक काळसर डाग पडला होता. हनुवटीची सावली असेल, सुवर्णाला वाटलं. आपलाच उजेड चुकला. मोबाइलमध्ये घेऊन तिनं बोटानं तो पुसून टाकला आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. धम्मरत्नानं तर तो आपल्या नंबराला लावला.

पण पुसलेलं तिच्या मनाला लागून राहिलं. स्टुडिओवाल्यानं तरी दुसरं काय केलं होतं? न पुसता यायला हवा. तीन आठवडे ती त्या सावलीच्या मागं लागली. फ्लॅश वर केला तर नाकाची सावली लांबली, खाली केला तर आखडली. कानाची सरकली. गळ्यावरची तेवढी जागा सोडेना. फ्लॅश या बाजूचा त्या बाजूला नेला, तर सावलीनंही कूस बदलली, पण जागा तीच.

रविवारी तिनं एकापाठोपाठ एक असे दोन फोटो घेतले. मधे जनकाबाईंनी फक्त आवंढा गिळला. सुवर्णानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिला फोटो पाहिला. मग दुसरा. परत पहिला.

फ्लॅश हलला नव्हता. धोतर हललं नव्हतं. सासूबाईंची मान हलली नव्हती. सावली मात्र अर्धं बोट वर चढली होती.

कॅमेरा खाटेवर ठेवून ती जनकाबाईंसमोर बसली.

"आत्याबाई, गिळा एकदा."

"काय गिळू?"

"थुंकी गिळा."

जनकाबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि गिळलं. लिंबाएवढं काहीतरी कातडीखालून वर गेलं आणि खाली आलं. खिडकीवरची चादर काढली तेव्हा ते नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं.

"कधीपासून हाये हे?"

"सोयाबीन निघालं तवापासून."

पाच महिने. सुवर्णानं बोटांवर मोजले. "मले काऊन नाही सांगतलं?"

"पोरीची शेवटची परीक्षा हाये म्हनलं. होऊ दे." मग जनकाबाईंनी पदर पुन्हा वर घेतला. "आन तू इचारलं काय? साऱ्या गावाले फोनवर इचारतं, गाठ हाये का, सूज हाये का. मले इथं खाटेवर आयकू येते सारं. म्हनलं, माही बारी येईन तवा सांगीन."

रागानं नव्हत्या बोलल्या. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं बोलल्या.

सुवर्णा उठून कपाटाशी गेली. तिशीवरच्या प्रत्येक माणसाचा एक अर्ज भरायचा असतो, तोंडात जखम, दमा, गाठ असं एकेक विचारून. गावातल्या चारशे घरांत तिनं तो दारात उभं राहून, माणसाच्या तोंडाकडं पाहून भरला होता; घरी न सापडलेल्यांना फोन करून विचारलं होतं. गठ्ठ्यातून तिनं आपल्या घरचा काढला. जनकाबाई जानराव तायडे. गाठ अथवा सूज: नाही. खाली तिची सही. तारीख डिसेंबरची.

तिला ती संध्याकाळही आठवली. वरणाला फोडणी द्यायची होती, तेल तापायला ठेवलं होतं. तेल तापेपर्यंत ओट्यावरच घरचे कागद तिनं भराभर उरकले होते. सगळीकडं नाही, नाही, नाही. सासूबाई तेव्हा चार हातांवर लसूण सोलत बसल्या होत्या.

धम्मरत्न ड्यूटीवरून आला. तिनं दोन्ही फोटो त्याच्यापुढं धरले. "फोटोतलं असन काही तरी," तो म्हणाला. "मांगं तू काढला त्याच्यात तर नव्हतं. हा पाह्य ना, माह्या मोबाइलवर हाये."

"थो मी पुसला होता."

खांद्यावरची कातडी पिशवी न उतरवताच तो उंबऱ्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी तिघं बुलढाण्याला गेले. डॉक्टरांनी गळा चाचपला, सोनोग्राफी केली, सुई टाकून पाणी काढलं. "पाच महिने घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. सुवर्णाच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आशा सेविकेचं ओळखपत्र दिसत होतं. तिनं पर्स मांडीवर उलटी धरली. "नाही आलं," ती म्हणाली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ साधी नव्हती. पण गळ्याबाहेर गेलेली नव्हती, काढून टाकता येणार होती. सोमवारी अकोल्याला ऑपरेशन ठरलं.

सोमवारी सकाळी गाडी यायच्या आत जनकाबाई स्वतःच खुर्ची ओढून धोतरासमोर बसल्या. पांढरं लुगडं, केस चापून बसवलेले. पदर त्यांनी खांद्यापर्यंत खाली घेतला होता.

"काढ."

"आत्याबाई, आज नको. ऑपरेशन झाल्यावर काढू, तवा गाठ नसन."

"मंग थे ओठावरचे शितं पुसल्यावानी व्हईन."

सुवर्णानं कॅमेरा डोळ्याला लावला. समोरचं अंधुक झालं, तिनं डोळा पुसला, परत लावला. धोतरामागं उजेड झाला आणि विझला. जनकाबाईंनी कॅमेरा हातभर लांब धरून बराच वेळ पाहिलं. नाक पाहिलं, सुरकुत्या पाहिल्या, गळा पाहिला.

"मीच व्हय," त्या म्हणाल्या. "आता त्या तहसीलदाराले उतर."

"तिथं तुमचा नाही लावणार. जित्या माणसाचा लावत नाहीत."

"कोन लाव म्हनते? खिळा मोकळा राहू दे."

धम्मरत्नानं स्टुलावर चढून फ्रेम उतरवली आणि पिशवी घेऊन गाडी पाहायला रस्त्यावर गेला. सुवर्णानं कपाटातून एक कोरा अर्ज काढला आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसली.

"नाव?"

"येडी झाली का व?"

"इचारावं लागते, आत्याबाई. नाव?"

जनकाबाईंनी नाव सांगितलं. वय सांगितलं. दमा नाही, तोंडात जखम नाही, दात चारच उरले हे न विचारताच सांगितलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सुवर्णा उठली नाही. पेन खालच्या ओळीवर आणून तिनं मान वर केली.

"गाठ?"

"हाये," जनकाबाई म्हणाल्या. "लिही."