नाव काढजो

लाखांदूरच्या स्टँडवर बाबा माझी बॅग सीटखाली सरकवत होते, तेव्हा काकूनं खिडकीतून हात घालून चिवड्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. पुढे वरठी स्टेशनवरून मला पुण्याची गाडी धरायची होती. "नाव काढजो, बाई," ती म्हणाली. मी मान हलवली, एसटी निघाली. घरापासून सुटल्याचा आनंद लपवताना माझी पुरेवाट झाली होती.

पुण्यात मी मानववंशशास्त्र शिकू लागले. "म्हणजे डॉक्टर का?" असं गावात कोणी विचारलं की बाबा "तसंच काहीतरी" म्हणून वेळ मारून नेत. लोकांत जाऊन राहायचं, त्यांच्यासोबत राबायचं, ऐकायचं आणि मग लिहायचं, हे आमचं फील्डवर्क. थिसिससाठी मी विषय घेतला धानाची रोवणी करणाऱ्या बायकांचा, आणि फील्ड म्हणून निवडलं आपलंच गाव. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना कळेल: ज्या गावातून पळ काढला, तिथंच पाहुण्यासारखं परत जायला मला सोयीचं वाटलं.

पहिल्याच दिवशी बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात माझा पाय रुतला आणि काकू पोट धरून हसली. "आंधी अभ्यास हाये म्हनून बांधीत येत नोहती, आता अभ्यास हाये म्हनून येऊन राहिली!"

ती मला सगळं सांगत गेली. लग्न होऊन आली तेव्हाचं, सासूच्या धाकाचं, एकदा तर माझ्या बाबांविषयीसुद्धा. बोलण्याआधी पदर सारखा करून विचारायची, "भरून राहिली का?" मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचे. एकदा तिनं विचारलं, "माहं नाव येईन ना वो पुस्तकात?" मी लिहिता लिहिता "हो काकू" म्हणून टाकलं.

खरं नाव द्यायचं नाही, हा आमच्या विद्येतला पहिला धडा. बोलणाऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून. नियम खोटा नाही, मलाही पटतो. काकूच्या गोष्टी तिच्या नावानं छापल्या असत्या तर घरात आग लागली असती. मी तिचं नाव मीराबाई ठेवलं. छान वाटलं म्हणून. तिला मात्र कळवायचं राहून गेलं, कारण घरच्या माणसाला काय कळवायचं!

गेल्या दिवाळीत थिसिसच्या एका प्रकरणाचं मराठी करून मी घरी नेलं. काकूनं शेजारच्या दोघींना घरापुढच्या छपरीत बोलावून बसवलं होतं. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून ती स्वतःचं नाव शोधत राहिली. पान उलटलं, परत मागे आली. शेजारणी वाट पाहत होत्या.

"हे तं सारं मी सांगतलं," ती शेवटी म्हणाली. "ही मीराबाई कोन वो?"

मी नियम समजावून सांगितला. शेजारणी चहा न घेताच उठून गेल्या. काकू रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. चष्मा काढून ती म्हणाली, "लग्नात सासरच्यानं माहं नाव एक डाव बदलवलं. तुले बी बदलवाचंच होतं, तं माहेरचं टाकाचं होतं. ते तं इथं कोनालेच मालूम नाई."

ते नाव मलाही माहीत नव्हतं. आमच्या घराण्याचा वंशावळीचा तक्ता मी रंगीत पेनांनी काढला होता. त्यात काकांच्या शेजारी काकूचा गोल होता आणि त्या गोलाखाली सासरचं नाव. त्याआधी तिचं काही नाव असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला लाज वाटली, आजही वाटते. नाव काढजो म्हणाली होती ती, आणि मी तिचंच काढून टाकलं.

मी विचारलं. ती लाजली, मग तिनं हळूच ते नाव सांगितलं. माझा हात सवयीनं फोनकडे गेला, तर तिनं फोनवर आपला तळहात ठेवला. "हे भरू नको."

आता पुण्याहून फोन लावला की मी तिला त्याच नावानं हाक मारते, पुढे काकू जोडून. पलीकडून ती "हो" म्हणते. त्या "हो"मध्ये माझं घर आहे. ते नाव मी इथंही लिहिलेलं नाही.