अप्पांच्या कात्रीखालून

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या रोज झाडून टाकता येतात, किस्स्यांचं काय करणार?

बीडच्या बसस्टँडमागं अप्पांचं दुकान होतं. तिथं दुसऱ्या मशीनवर मी बारा वर्षं बसलो. कपाळावर भस्म, कानावर खडू, असे आमचे अप्पा. घरोघरी केबल आली, रेडिमेडची दुकानं लागली, तेव्हा मला वाटलं, संपलं आपलं! पण अप्पांचा हेका एकच. "कापडात जीव हाय तवर नवं न्हाई. अन घेतलंच, तर आपल्याला शोभंल तेच!" असल्या माणसाकडं गिऱ्हाइकंही तसलीच यायची. माझा आ वासलेला तो वासलेलाच!

*

एक नवरदेव वडिलांच्या लग्नातला कोट घेऊन आला. सासरा नवा सूट देत होता, तरी! "मला बसता करा, अप्पा."

अप्पांनी अस्तर उसवलं आणि मला जवळ बोलावलं. आत आणखी जुन्या शिवणीच्या खुणा. म्हणजे कोट वडिलांनाही कापूनच बसवलेला, मूळचा आजोबांचा! नवरदेव हादरला. "कापड टिकंल ना?"

"टिकंल की. शिवणीत दोन इंच माया ठिवतो, जादा कापड आत दुमडून."

"कावून? एवढी कशाला?"

"तुजं पोरगं तुज्यापेक्षा जाड निघालं तर?"

अजून अक्षता पडायच्या होत्या हो त्याच्यावर!

*

दिंद्रुडचा एक तरुण व्यापारी. अप्पांनी शिवलेला शर्ट आणि एका रेडिमेड शर्टाचा बिल्ला टेबलावर ठेवून म्हणाला, "शिलाई तुमचीच पायजे, पण कॉलरला ह्यो बिल्ला लावा. मित्रांत बसावं लागतं."

माझ्या हातातली सुई थांबली. अप्पांच्या शिलाईवर दुसऱ्याचा बिल्ला! अप्पांनी मात्र बिल्ला लावून दिला.

आठवड्यानं पुन्हा हजर. हातात तो बिल्ला काढून घेतलेला रेडिमेड शर्ट. "अप्पा, ह्याला तुमच्या दुकानाचा बिल्ला लावा."

"आता कावून रं?"

"घरी वडील विचारायलेत, अप्पा असताना रेडिमेड कुणी आनला म्हणून!"

*

गणिताचे एक सर होते. वर्षानुवर्षं राखाडी शर्ट, काळी पँट. कॉलर झिजली की उलटून घ्यायची, शर्ट पुन्हा चालू. नवे मास्तर हसायचे, पण गर्दीत सर लांबून ओळखू यायचे.

सर रिटायर व्हायला आले तेव्हा सगळ्या स्टाफनं गुपचूप आमच्याकडं राखाडी शर्ट शिवायला टाकले. अठरा! सरांना धक्का द्यायचा म्हणून. निरोपाच्या दिवशी मीही मुद्दाम शाळेत बघायला गेलो. अठरा राखाडी मास्तर रांगेत उभे. सर आत आले... लालभडक शर्टात!

सरांनी रांगेतल्या राखाडी शर्टांकडं बघितलं. सर चाचरत म्हणाले, "म्हटलं, शेवटच्या दिवशी तरी तुमच्यासारखं दिसावं."

मी शर्ट निरखून बघितला. टाके अप्पांचे! तसाच दुकानात आलो. "अप्पा, मला तरी सांगायचं!"

"गिऱ्हाइकाचं गुपित हाय ते. न्हाई फोडत आपण."

*

नेकनूरची एक कॉलेजातली पोरगी आईची इरकल घेऊन आली. पंजाबी ड्रेस शिवायचा. आईला विचारलंस का, हे आम्हीही विचारलं नाही. चूक आमचीच. साडी कापून झाली आणि दारात आई! कापलेलं बघून मटकन स्टुलावरच बसली. पोरगी रडायला लागली. मी कात्री मशीनखाली सरकवली.

आईनं कुडत्याचा कापलेला भाग उचलला, अंगाला लावून बघितला आणि अप्पांना म्हणाली, "घरी अजून एक इरकल हाय."

"मग?"

"हिला शिवता अन मला न्हाई का?"

*

आणि गयाबाई. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. उसाच्या फडात बायका साडीवरून पुरुषांचा जुना शर्ट घालतात, पातं कापतं म्हणून. निघायच्या आधी ती दुकानात आली आणि तिनं पिशवीतून लग्नाचा शालू काढला. हिरवागार, जरीकाठी.

"ह्याचा फडात घालायचा शर्ट शिवा. खिसा नको, पाचट अडकतं. कोपराला दुहेरी कापड लावा."

मी मशीनवरून उठलोच. अप्पांनी कात्री खाली ठेवली. "बाई, लग्नाचा शालू हाय! उसात चिंध्या व्हतील."

"पेटीत आठ वर्सं हाय, अप्पा. अर्धं वर्स मी फडात असते. घरी आले की कामाचा डोंगर. घालू कवा? जितं मी असते, तितंच घालते की."

"लोक हसतील."

"माज्या नवऱ्याचा फाटका शर्ट घालते तवा कोन हसत न्हाई. आता हसू द्या."

अप्पांनी शालूवरून हात फिरवला. मग मला बाजूला सारून स्वतः कापायला बसले. काठ मनगटावर आला. उभ्या कॉलरच्या कडेलाही काठ.

दुसऱ्या दिवशी तिनं शर्ट साडीवरून चढवला, बटणं लावली आणि आरशाकडं वळली. अप्पा मधेच उभे. एवढी वर्षं कपडे शिवलेला माणूस, नुसता बघत राहिलेला.

गयाबाई म्हणाली, "अप्पा, जरा सरका की. मी दिसंना झाले."