रेघेबाहेरचे बाप

पोरींना खो-खो शिकवणं सोपं, त्यांचे बाप आवरणं महाकठीण. मी खेळाची शिक्षिका. पण तालुक्याच्या सामन्यांत माझ्या वाट्याला हमखास एकच काम येतं, ते म्हणजे फक्कीच्या रेघेबाहेर माणसं थोपवून धरायची. का, तर माझा आवाज मोठा. हातही चटकन उठतो असं माघारी म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

त्या दिवशी डोंगरकडा गावात मुलींचा शेवटचा सामना होता. आमच्या शाळेच्या संघात एक पोरगी होती. वाऱ्यासारखी पळायची. तिच्या बापाने मला सकाळीच बजावलं होतं, "मॅडम, ही एक म्याच खेळू द्यायलो. हारली तर खेळ बंद. घरी कामं पडलेत."

खो-खोत पाठलाग करणाऱ्या पोरी ओळीने चौकोनांत बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. मागून सोबतिणीने पाठीवर हात मारून 'खो' म्हटल्याशिवाय उठायचं नाही. उठलीस की फाऊल. आमची पोरगी बसली होती ती नेमकी आपल्या बापाकडे तोंड करून. पहिल्याच डावात ती घाईत उठली आणि पंचांनी शिट्टी मारली.

बाप रेघेवरून गरजला, "खो भेटल्याबिगर उठली तर तंगडं तोडीन!"

सगळं मैदान हसलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी त्याला मागे ढकललं. ढकलताना जरा जोर लागला, तो मी मुद्दाम लावला होता. पण म्हणून तो थोडाच गप्प बसणार? प्रत्येक खोला शिवी, प्रत्येक शिट्टीला पंचाच्या आईबहिणीचा उद्धार. समोरच्या गावचे बापही काही कमी नव्हते. शेरास सव्वाशेर.

शेवटच्या डावात आमच्या एका पोरीने समोरच्या मुलीला शिवलं, आणि ते पंचांनी धरलं नाही. माझ्या मते ती शिवली होती. पण पंच नाही म्हणाले म्हणजे नाही.

"इकला गेला रे पंच!" कोणीतरी ओरडलं, आणि दोन्ही गावं रेघ तुडवत आत घुसली.

मी भांडणं पुष्कळ पाहिली आहेत, पण लेकरांच्या मधोमध मोठ्यांनी एकमेकांना असं तुडवलेलं पाहिलं नव्हतं. मांडवाचे बांबू उपटले गेले. एकाने दुसऱ्याचं डोकं खांबावर आपटलं; तो आवाज माझ्या कानात अजून आहे. एक आई स्टीलचा डबा घेऊन मिळेल त्याच्या तोंडावर हाणत होती. एक म्हातारा तोंडातून रक्त थुंकत आपला दात मातीत शोधत होता. मीही मागे राहिले नाही. हाताशी आला त्याची कॉलर धरली आणि दोन थोबाडीत दिल्या. तो कुणाचा बाप होता, मला आजही माहीत नाही.

पोरी रडत वर्गांकडे पळाल्या. आमची तेवढी आपल्या चौकोनात तशीच बसून होती. "ऊठ! पळ!" मी ओरडले. त्या गोंधळात माझाही आवाज पोचेना.

तेवढ्यात तिच्या बापाने दगड उचलला. नेम पंचावर होता. तो हातातून सुटताना मी पाहिला. दगड पंचाला लागलाच नाही, पोरीच्या भुवईवर बसला.

मी तिला उचलून व्हरांड्यात आणलं. जखमेवर ओढणी दाबली, ती पाहता पाहता लाल झाली. भांडण विझलं होतं. बाप धावत आला. पोरीकडे न बघता माझ्यावरच उखडला, "बघा तुमचा खेळ! लोकं दगडं मारून राहिले हितं. बस झालं. आजपासून बंद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण लोकं?" मी म्हटलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण पोरगी आधी बोलली.

"मला दिसला व्हता, बाबा. तुमी उचलला तवाच दिसला व्हता."

"मग उठली काहून न्हाई?" त्याचा आवाज चिरकला.

"तुमीच म्हनले ना, खो भेटल्याबिगर उठू नको."

तो मट्‌कन खाली बसला आणि कपाळ बडवून घेऊ लागला. मला त्याची दया आली नाही. खरंच नाही आली.

सामना पुढे पुन्हा झाला. भुवईवर टाके घेऊन पोरगी खेळली, आणि आम्ही हरलो. बापाची अट माझ्या लक्षात होती. त्याने तिचा विषय काढला नाही.

ती अजून खेळते. तोही प्रत्येक सामन्याला येतो आणि शाळेच्या भिंतीबाहेर हात मागे बांधून उभा राहतो. मागे एकदा औंढ्याला सामना होता, तेव्हा मीच त्याला म्हटलं, "आत या, रेघेपाशी जागा आहे."

"न्हाई मॅडम," तो म्हणाला, "मी हितंच बराबर हाय."